थर्माकोल कापायची गरम तार: रोध आणि वॅटच्या हिशेबाच्या नोंदी

थर्माकोलचे जाड ठोकळे सरळ कापता यावेत म्हणून गरम तारेचं धनुष्य बनवायला घेतलं. लाकडी चौकट, तिच्यात ताणलेली नायक्रोमची (निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार आणि तारेतून करंट, एवढंच. दोन संध्याकाळचं काम वाटलं होतं, लागले सतरा दिवस. सुतारकाम पहिल्याच दिवशी उरकलं. बाकीचे दिवस या तारेचा रोध नेमका किती आणि ती वॅट किती खाते हे शोधण्यात गेले. दोन्ही सूत्रं शाळेपासून पाठ आहेत: व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम, व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट. सूत्रात घातलेले आकडे मी कुठून आणि कधी घेतले, तिथे घोळ होता. हेच काम कोणाला करायचं असेल तर त्याचे दिवस वाचावेत म्हणून चुकांसकट लिहून ठेवते आहे.

सामान: नायक्रोम ८०:२०, जाडी ०.४ मिमी, चौकटीत ताणलेली लांबी ४५ सेंमी. अडॅप्टर १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा. एक साधा डिजिटल मल्टिमीटर. जोडायला मीटरभर लांबीच्या दोन बारीक वायरी, क्रोकोडाइल क्लिपा, एक बटण.

४ फेब्रुवारी

तार ताणली, मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवला आणि दोन्ही टोकांना प्रोब लावले. आकडा आला ४.६. लगेच हिशेब मांडला: १२ ÷ ४.६ = २.६१ अँपिअर. १२ × २.६१ = ३१.३ वॅट. अडॅप्टर ५ अँपिअरचा, म्हणजे चिंता नाही. बटण दाबलं.

तार तापली, पण प्रमाणाबाहेर. थर्माकोल तारेला टेकायच्या आधीच वितळून मागे सरत होता. एका मिलिमीटरची फट हवी होती, पडली चार मिलिमीटरची, कडा खडबडीत आणि वर धूर. या धुरात स्टायरीन असतं, त्यामुळे खिडकी उघडल्याशिवाय पुढे काही करायचं नाही असं तिथेच ठरवलं.

दुसरी अडचण तारेच्या ढिलेपणाची. थंड असताना टणत्कार करणारी तार तापल्यावर चक्क पोट काढून लोंबायला लागली. मधोमध फूटपट्टी धरली तर दोन सेंटिमीटर खाली. तार एवढी वाढली कशी, असं वाटलं. मग हिशेब केला तर ४५ सेंटिमीटरला जेमतेम अडीच मिलिमीटर वाढ पुरते. सरळ ताणलेल्या तारेत एवढीशी वाढही मध्यावर मोठी दिसते. एका टोकाला स्प्रिंग लावली, तो प्रश्न मिटला.

तापमान कमी करायचं तर वॅट कमी करायला हवेत आणि वॅट कमी करायचे तर आधी आत्ता किती आहेत ते मोजायला हवं. उद्या करंट मोजायचा.

५ फेब्रुवारी

मीटर करंटच्या रेंजवर नेला आणि तारेच्या रांगेत जोडला. आकडा शून्य. तार थंड.

जोड सुटला असणार म्हणून क्लिपा काढल्या, तारेची टोकं पॉलिश पेपरने घासली, पुन्हा लावल्या. शून्यच. काल जास्त तापल्यामुळे तार आतून कुठेतरी तुटली असेल असं वाटून नवी ४५ सेंमी कापून ताणली. तरी शून्य. बटण बदलून पाहिलं. अडीच तास गेल्यावर मीटर बाजूला काढून वायरी थेट जोडल्या, तर तार लगेच तापली.

लाल प्रोब मिलिअँपिअरच्या खाचेत होता. त्या खाचेमागे २०० मिलिअँपिअरचा फ्यूज, आणि मी त्यातून अडीच अँपिअर ओढायला निघाले होते. पहिल्या क्षणीच तो उडाला आणि त्यानंतर सर्किट उघडं पडलं ते मीटरच्या आत. मीटर शून्य दाखवतो तेव्हा तार तपासायच्या आधी मीटरचा फ्यूज तपासा. आणि फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा गुंडाळू नका. तेवढ्याच रेटिंगचा नवा आणा, मला त्यासाठी दोन दिवस थांबावं लागलं.

मोठा करंट १० अँपिअरच्या वेगळ्या खाचेतून मोजायचा असतो. माझ्या मीटरच्या त्या खाचेला फ्यूजच नाही, तसं तिच्याशेजारी छापलेलंही आहे. म्हणजे करंट मोजून झाल्यावर प्रोब तिथेच विसरून कोणी व्होल्टेज मोजायला गेलं तर सरळ शॉर्ट. आता सवय लावून घेतली आहे: करंटचा आकडा लिहिला की पेन ठेवायच्या आधी प्रोब व्होल्टच्या खाचेत परत.

नुकसान: एक फ्यूज, अर्धा मीटर चांगली तार, एक संध्याकाळ.

८ फेब्रुवारी

अडॅप्टरची थोडी धास्ती बसली होती, म्हणून आज सहा नवे पेन्सिल सेल रांगेत लावून मोजमाप केलं. सेलच्या टोकांवर ९.३ व्होल्ट. मग तार जोडून करंट पाहिला: १.६२ अँपिअर. रोध = ९.३ ÷ १.६२ = ५.७ ओहम.

चार तारखेला ४.६ आला होता, आज ५.७. तीच जाडी, तीच लांबी. पुन्हा केलं तर ५.९. तिसऱ्यांदा ६.२. तार माझ्या डोळ्यांदेखत बदलतेय की काय असं वाटायला लागलं.

दादाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “अगं, व्होल्टेज कुठं मोजलंस? आणि तेव्हा करंट चालू होता का?”

नव्हता. ९.३ हा तार जोडायच्या आधीचा आकडा. तार जोडलेली असताना, तारेच्याच दोन टोकांवर मोजलं तर ६.४ व्होल्ट. ६.४ ÷ १.६२ = ३.९५ ओहम. मधले जवळजवळ तीन व्होल्ट सेलच्या अंतर्गत रोधात आणि माझ्या बारीक वायरींत गळत होते. शिवाय सेल मिनिटागणिक उतरत होते. मीटर एकच असल्यामुळे मी आधी व्होल्टेज मोजायचे, मग जोडणी बदलून करंट. तोवर पहिला आकडा शिळा झालेला असायचा.

रात्री यावर वाचलं तेव्हा कळलं की खुद्द ओहमलाही याच गोष्टीने छळलं होतं. त्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांत रासायनिक बॅटरीचा जोर भार टाकला की घसरायचा. मग पोगेनडॉर्फ या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून १८२६ मध्ये त्याने तांबं आणि बिस्मथचं थर्मोकपल वापरलं, म्हणजे दोन धातूंच्या सांध्यांमधल्या तापमानाच्या फरकावर वीज देणारी जोडी: एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात. तो स्रोत स्थिर राहिला म्हणून त्याचे आकडे जुळले आणि १८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. माझ्या टेबलावरचे उतरलेले सेल बघत हे वाचताना फार बरं वाटलं. दादा उद्या त्याचा मीटर घेऊन येतोय.

९ फेब्रुवारी

दोन मीटर. एक रांगेत करंटसाठी, दुसरा व्होल्टसाठी मोकळा. परत १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर आले. दादाने आकडे वाचले, मी लिहिले, दोन्ही एकाच वेळी.

अडॅप्टर रिकामा असताना १२.२४ व्होल्ट, तार चालू असताना ११.९२. करंट २.६४ अँपिअर. चार तारखेला कागदावर २.६१ काढला होता, म्हणजे जवळजवळ तोच. मी खूश झाले. दादा म्हणाला, “थांब. आता तारेच्या टोकांवर बघ.”

तारेच्या टोकांवर १०.७६ व्होल्ट. म्हणजे १.१६ व्होल्ट वाटेत कुठेतरी जात होते.

मग एकेक तुकडा मोजत गेलो. करंट चालूच ठेवायचा आणि प्रोब त्या तुकड्याच्या अलीकडे आणि पलीकडे टेकवायचे. दोन बारीक वायरी मिळून ०.४६ व्होल्ट. बटणावर ०.०५. करंट मोजणारा मीटर आणि त्याच्या वायरी ०.२५. डाव्या क्लिपवर ०.०९. उजव्या क्लिपवर ०.३१. बेरीज बरोबर १.१६.

उजव्या क्लिपचा आकडा लिहून मी तिला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. तिचं लाल प्लॅस्टिक मऊ पडून एका बाजूला वाकलं होतं. ०.३१ × २.६४ = ०.८२ वॅट. ऐकायला काहीच नाही, पण ही उष्णता दोन दात तारेला टेकतात त्या टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत निघते. उघडून पाहिलं तर दातांवर काळा थर. तारेवरही त्याच जागी काळा ठिपका.

आता खरा हिशेब. तारेचा रोध १०.७६ ÷ २.६४ = ४.०८ ओहम. तारेतले वॅट १०.७६ × २.६४ = २८.४. अडॅप्टर देतो ते ३१.५. तीन वॅट वायरी, क्लिपा, बटण आणि मीटर खातात.

मग पहिल्या दिवशीचं गणित जुळलं कसं? मीटरचे दोन प्रोब एकमेकांना टेकवले तर ०.६ ओहम दिसतात. ते ४.६ मधून वजा केले की थंड तारेचे ४.० उरतात. प्रोबचे हे ०.६ ओहम मी तारेच्या नावावर लिहिले होते. वाटेतल्या वायरी-क्लिपा धरल्याच नव्हत्या आणि गरम झाल्यावर तारेचा रोध थोडा वाढतो तेही धरलं नव्हतं. एक चूक एका बाजूला, दोन चुका दुसऱ्या बाजूला, आणि उत्तर योगायोगाने बरोबर. अशी जुळलेली उत्तरं मला चुकलेल्यांपेक्षा जास्त धोक्याची वाटतात. उत्तर चुकलं असतं तर मी त्याच दिवशी शोध घेतला असता.

व्होल्ट मोजणाऱ्या प्रोबच्या ०.६ ओहमचं काय, असा प्रश्न मलाही पडला. मीटरचा व्होल्टच्या रेंजवरचा अंतर्गत रोध १० मेगाओहम आहे, त्यामुळे त्या प्रोबमधून जाणारा करंट एका मायक्रोअँपिअरच्या आसपास असतो. एवढ्याशा करंटवर ०.६ ओहममध्ये एक मायक्रोव्होल्टसुद्धा पडत नाही. करंटची वाट वेगळी आणि व्होल्टेज मोजायची वाट वेगळी ठेवली की कमी रोध नीट मोजता येतो. याला चार तारांची किंवा केल्विन पद्धत म्हणतात. आम्ही ती नकळत वापरली होती.

११ फेब्रुवारी

क्लिपा काढून टाकायच्या ठरवल्या आणि तार थेट सोल्डर करायला बसले. जमलं नाही. नायक्रोमवर ऑक्साइडचा चिवट थर असतो, त्यावर साधं सोल्डर धरतच नाही. मण्यासारखं गोल होऊन घरंगळतं. वर फ्लक्स ओतला, घासलं, पुन्हा केलं. एकदा चिकटल्यासारखं वाटलं, ओढलं तर मण्यातून तार अलगद बाहेर. आणि समजा धरलंच असतं, तरी तापलेल्या तारेच्या टोकाशी ते वितळलंच असतं. पाऊण तास गेला.

पितळी स्क्रू कनेक्टर लावले. तारेचं टोक दुमडून दुहेरी केलं, म्हणजे स्क्रूखाली ते तुटत नाही आणि तिथे कमी तापतं. बारीक वायरी काढून १.५ चौरस मिमीच्या, वीस-वीस सेंमीच्या लावल्या. पुन्हा मोजलं: तार सोडून बाकी सगळं, मीटर धरून, ०.१२ ओहम. आधी ०.४४ होतं.

याचा परिणाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. करंट २.८२ अँपिअरवर गेला, तारेच्या टोकांवर ११.५६ व्होल्ट आणि तारेतले वॅट ३२.६. जोड सुधारले म्हणून तार आणखी चार वॅटने तापली. आधीच्या खराब क्लिपा नकळत तिला आवरून धरत होत्या.

१२ फेब्रुवारी

आता मुद्दाम आवरायची. सेलवर १.६ अँपिअरला तार चांगली कापत होती, फक्त सावकाश. म्हणून १.९ चं लक्ष्य ठेवलं. या करंटला अडॅप्टर ११.९५ व्होल्ट देतो. ११.९५ ÷ १.९ = ६.२९ ओहम एकूण हवेत. त्यातून तारेचे ४.० आणि जोडणीचे ०.१२ वजा केले की २.१७. बाजारात मिळणारा जवळचा आकडा २.२ ओहम. माझ्याकडे २.२ ओहमचे, ५ वॅटचे सिमेंटी रेझिस्टर पडलेलेच होते.

वॅट पुरतील का ते पाहिलं: १.९ × २.२ = ४.१८. पाचच्या आत आहे म्हणून लावला.

तार अगदी हवी तशी चालली. कापही सुरेख, एक मिलिमीटरची फट, कडा काचेसारखी गुळगुळीत. दहा मिनिटांनी जळका वास आला. आधी थर्माकोलचा वाटला. मग रेझिस्टर उचलायला गेले तर त्याच्याखालच्या प्लायवर त्याच्याच आकाराचा तपकिरी आयत उमटला होता, मध्यभागी जवळजवळ काळा.

वहीतला हिशेब पुन्हा वाचला. अँपिअर गुणिले ओहम म्हणजे व्होल्ट. ४.१८ हे रेझिस्टरवर पडणारे व्होल्ट होते, वॅट नव्हते. वॅट काढायला त्याला पुन्हा करंटने गुणायला हवं होतं: ४.१८ × १.९ = ७.९ वॅट. पाच वॅटच्या रेझिस्टरमध्ये मी आठ वॅट घालत होते. आता वहीत प्रत्येक आकड्यापुढे त्याचं एकक लिहिते. त्या दिवशी ४.१८ पुढे ‘व्होल्ट’ लिहिलं असतं तर प्लाय वाचला असता.

१३ फेब्रुवारी

त्याच रेझिस्टरचे चार नग. दोन-दोन रांगेत जोडले, म्हणजे प्रत्येकी ४.४ ओहम. त्या दोन रांगा समांतर जोडल्या, पुन्हा २.२ ओहम. एकूण वॅट तेच आठ, पण आता चौघांत वाटून प्रत्येकी दोन. पाच वॅटच्या नगाला दोन वॅट म्हणजे निवांत. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर, लाकडापासून बोटभर उंच बसवले. अर्धा तास चालवलं, वास नाही.

मोजमाप: १.८९ अँपिअर, तारेवर ७.५६ व्होल्ट. रोध ४.० ओहम, वॅट १४.३.

इथे थांबता आलं असतं. पण तारेत चौदा वॅट जातात तेव्हा आठ वॅट नुसतेच रेझिस्टर तापवण्यात जातात, ते मनाला खटकत राहिलं.

१७ फेब्रुवारी

दादाने पट्टीदिव्यांसाठी असतो तसला पीडब्ल्यूएम डिमर आणून दिला. रेझिस्टर काढले, डिमर लावला. नॉब फिरवत फिरवत कापायचा वेग रेझिस्टरवाल्या जोडणीइतका आला तिथे थांबले. तोच ठोकळा, तेवढीच जाडी, वेळ घड्याळ लावून मोजला.

मीटरवर ४.९७ व्होल्ट आणि १.२४ अँपिअर. रोध ४.९७ ÷ १.२४ = ४.० ओहम, अगदी बरोबर. वॅट ४.९७ × १.२४ = ६.१६.

सहा? चार दिवसांपूर्वी याच वेगाला चौदा वॅट लागले होते. अर्ध्याहून कमी वॅटमध्ये तेवढंच थर्माकोल वितळणं शक्य नाही. तारा तपासल्या, मीटर आपापसांत बदलले, आकडे तेच. रोध बरोबर येतोय म्हणजे मीटर ठीक आहेत आणि तरी वॅट चुकताहेत, यात दोन तास अडकले.

डिमर व्होल्टेज कमी करत नाही. पूर्ण व्होल्टेज भराभर चालू-बंद करतो. मीटर डीसी रेंजवर सरासरी दाखवतो: व्होल्टचीही सरासरी, करंटचीही. भागाकारात ‘किती वेळ चालू’ हा अंश वर-खाली दोन्हीकडे असतो, म्हणून कटून जातो आणि रोध बरोबर येतो. गुणाकारात तो दोनदा शिरतो. खरं तर तो एकदाच यायला हवा.

नॉब पूर्ण उघडला तेव्हा तारेवर ११.६ व्होल्ट होते. ४.९७ ÷ ११.६ = ०.४३, म्हणजे तार ४३ टक्के वेळ चालू. ६.१६ ÷ ०.४३ = १४.३ वॅट. रेझिस्टरवर आले होते तेवढेच.

हा आकडा वहीत उतरवताना हात थांबला होता. दोन पूर्ण वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं होतं.

नॉबवर पांढऱ्या रंगाने खूण केली. पातळ थर्माकोलसाठी दुसरी, थोडी अलीकडे.

२० फेब्रुवारी

रुंद ठोकळ्यांसाठी ६० सेंमीचं दुसरं धनुष्य. डिमर पहिल्या चौकटीला पक्का बसवला आहे, म्हणून इथे परत रेझिस्टर. या वेळी बटण दाबायच्या आधी सगळं कागदावर.

४५ सेंमीला थंड रोध ३.९ धरला, म्हणजे मीटरला ८.६७ ओहम. ६० सेंमीला ५.२. गरम झाल्यावर अडीच टक्के जास्त, ५.३३. जोडणी ०.१२. माझ्याकडचे दोन २.२ ओहमचे रेझिस्टर समांतर, १.१. एकूण ६.५५ ओहम. ११.९५ ÷ ६.५५ = १.८२ अँपिअर. तारेत १.८२ × १.८२ × ५.३३ = १७.७ वॅट. दर रेझिस्टरमध्ये जेमतेम १.८ वॅट, लाकूड सुरक्षित.

दोन्ही मीटर लावले, तार तापायला मिनिटभर दिलं. कागदावर १.८२ होता, मीटरवर १.८३.